वायू मोजणारे तांबोळी सर

आमच्या इमारतीत कुणाचं लग्न ठरलं की तांबोळी सर अभिनंदन करत नाहीत. ते मोजतात. गोखल्यांच्या मुलीच्या लग्नाचा पेढा तोंडात टाकून ते म्हणाले होते, "दोनाचा एक झाला. एन्ट्रॉपी घटली. म्हणजे आता उष्णता बाहेर पडणार. शेजाऱ्यांनी जपून राहावं."

एन्ट्रॉपी म्हणजे पसाऱ्याचं माप. वायूचे रेणू मोकाट हिंडतात, म्हणून खरा पसारा त्यांचाच. अभिक्रियेत वायूचे रेणू वाढले की एन्ट्रॉपी वाढते, कमी झाले की घटते. बारावीच्या पुस्तकात हे चार ओळींत आटोपलं आहे. सरांनी त्यावर आयुष्य काढलं. देशपांड्यांचे तीन मुलगे वेगळे राहायला लागले तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "एकाचे तीन. पसारा वाढणारच." सोसायटीचे अध्यक्ष मात्र त्यांच्या मोजणीत कधीच नसतात. "घन पदार्थ मोजायचा नाही. तो खुर्चीतून हलत नाही."

मला या माणसाचा मत्सर वाटतो. लपवून उपयोग नाही, अख्ख्या कोथरूडला ठाऊक आहे. मीही रसायनशास्त्रच शिकवतो. तळमजल्यावर माझा क्लास, राहायला मी दोन चौक पलीकडे; पहिल्या मजल्यावर त्यांचं घर आणि घरातच क्लास. माझ्याकडे एसी आहे, प्रोजेक्टर आहे, छापील नोट्स आहेत. त्यांच्याकडे पार्किंग आहे. तिथे ते चार मुलांना मोकाट सोडतात. एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. मग वरून ओरडतात, "अमोनिया", की मुलं दोघं दोघं गळ्यात हात टाकून उभी राहतात. "चाराचे किती झाले?" "दोन, सर." "मग एन्ट्रॉपी?" "घटली, सर." हा आवाज माझ्या बंद काचांतून आत येतो आणि माझी मुलं प्रोजेक्टर सोडून खिडकीकडे बघतात. बरं, माणूस नारायण पेठेत जन्मलेला. मराठी माझ्याहून चोख आणि टोमणाही. त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

इथवर मी सहन केलं. पण एके दिवशी फळ्यावर कोळसा जाळायला घेतला आणि घात झाला. कोळसा अधिक ऑक्सिजन, होतो कार्बन डायऑक्साइड. मी म्हणालो, "डावीकडे दोन, उजवीकडे एक. एन्ट्रॉपी चांगलीच घटली."

दुसऱ्या बाकावरून माझीच मुलगी मुक्ता म्हणाली, "बाबा, कोळसा घन आहे. तो मोजायचा नाही. एकाला एक. फारसा फरक नाही."

वर्ग हसला. हे तिला कुठून कळलं, ते विचारावं लागलं नाही. पुढच्या सोमवारपासून ती वरच्या मजल्यावर जाऊ लागली. "तुझ्या क्लासमध्ये मला घरी असल्यासारखं वाटतं," ती म्हणाली, "आणि घरी क्लासमध्ये असल्यासारखं." मी दोन दिवस जेवताना बोललो नाही. तिला ते बरंच वाटलं असावं.

महिनाभर मी धुमसत होतो. माझा क्लास सहाला सुटायचा, तिचा सातला. तासभर मी पेपर तपासण्याचं नाटक करत खाली बसायचो आणि मग तिला स्कूटरवर घरी न्यायचो. शेवटी एका संध्याकाळी मुलं खाली उतरल्यावर मी वर गेलो. मुक्ता मैत्रिणींशी पार्किंगमध्ये बोलत होती. सर फळा पुसत होते.

"उद्यापासून मुक्ता माझ्याकडे बसेल," मी म्हणालो.

"बसेल की. आपण बाप आहात." त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "चाराचे दोन सहजासहजी होत नाहीत, ठाऊक आहे ना? कारखान्यात त्यासाठी भरपूर दाब द्यावा लागतो. दाब काढला की अमोनिया पुन्हा फुटायला बघतो."

"मला शिकवू नका, सर."

"शिकवत नाही. सांगतोय. आमची लेक शबनम दुसऱ्यांच्या क्लासला जायची. लोक काय म्हणतील म्हणून मी तिला ओढून माझ्यापुढे बसवलं. दोन वर्षं. मार्क उत्तम पडले. मग लग्न झालं, दाब गेला." ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "बिबवेवाडीत असते. बसनं तासाभरात येता येईल. ईदला येते."

घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"आपल्याला माझा मत्सर वाटतो, हे मला कळतं," ते म्हणाले. "पण सांगू का, खाली सहा ते सात आपला दिवा चालू असतो ना, त्याचा मला वाटतो. रोज स्कूटर गेटबाहेर जाईपर्यंत मी इथून मोजतो. दोन."

मी जिना उतरलो. मुक्ता स्कूटरपाशी उभी होती, चेहरा पडलेला. "तू वर कशाला गेला होतास?"

"सहज. सोमवारी त्यांच्याकडे टेस्ट आहे म्हणाले. अभ्यास कर."

ती माझ्याकडे बघतच राहिली, मग मागे बसली. मी स्कूटर सुरू केली नाही. आजवर मी त्यांच्या दारातल्या चपलांच्या ढिगाकडे बघून वर गेलेले माझे विद्यार्थी तेवढे मोजले होते. चपला निघून गेल्यावर वर किती माणसं उरतात, हे कधी मोजलं नव्हतं.

"रविवारी सरांना जेवायला बोलावू या का?" मी विचारलं.

"तू बोलावणार?" मुक्ता म्हणाली. "ते ताटावर बसल्यावर माणसं मोजतील हं."

"मोजू देत," मी म्हणालो आणि वर पाहिलं. खिडकीत ते अजून उभे होते, आम्ही निघायची वाट बघत.