विमानाची ओटी

विमान आलं तेव्हा नंदाबाई गोठ्यात शेण काढत होत्या. ट्रक औंढ्याच्या फाट्यावरच अडकला, म्हणून विमानाच्या दोन लांबलचक पेट्या कैलासच्या ट्रॉलीतून अंगणात उतरल्या. कैलास शेजारी आणि शिवाय नंदाबाईंच्या लेकाचा, संदेशचा चुलतभाऊ, त्यामुळे न बोलावता येण्याचा त्याला दुप्पट हक्क होता.

"आये, आलं!" संदेश ओरडला. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात तो दिवसभर गाड्यांचे सुटे भाग तपासायचा आणि घरी आला की घरच्या घरी विमान बांधणाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसायचा. वर्षभर त्याचं विमान-विमान चाललं होतं. बोलेल आणि विसरेल, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता घ्या!

नंदाबाई हात धुऊन बाहेर आल्या. "पंखं कुटं हायेत?"

"पेटीत. आपणच जोडायचं."

"आन् जोडल्याव वर कोन जानार?"

"मीच की!"

जत्रेतल्या पाळण्यात नंदाबाई उभ्या जन्मात बसल्या नव्हत्या. पाहुण्यांना लोणावळ्याचे कडे दाखवायला गेल्या तरी स्वतः गाडीतच बसून राहायच्या. आणि हा एकुलता एक लेक ढगात निघाला होता.

"शिटं किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"बरं. पर पूजा केल्याबिगर येक खिळा आत न्यायचा न्हाई."

यावर वाद घालण्याची सोय नव्हती. त्या घरात ट्रॅक्टरची पूजा झाली होती, पिठाच्या गिरणीचीही झाली होती. पण ट्रॅक्टर कसा अख्खा येतो, त्याच्या तोंडाला हळदकुंकू लावलं की काम झालं. विमानाचं तोंड कुठल्या पेटीत आहे हेच कळेना. शेवटी सगळं सामान ताडपत्रीवर मांडलं आणि राहायला नको म्हणून नंदाबाईंनी दिसेल त्या तुकड्याला हळदकुंकू लावलं. संदेशचे वडील हौशीराम चाकांखाली लिंबं ठेवायला गेले. चाकं कशालाच जोडलेली नव्हती, तेव्हा त्यांनी ती उचलून लिंबांवर दाबली.

"घरात पयल्यांदा येतंय," शेजारच्या चिमाबाई म्हणाल्या, "वटी भरा की!"

आणि संदेश 'मावशी, थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी नारळासकट ओंजळभर तांदूळ समोरच्या ताटात ओतलेसुद्धा. त्याच ताटात संदेशने पत्रे जोडायचे तांदळाएवढे बारीक रिव्हेट काढून ठेवले होते.

"मावशी, अवो रिव्हेट हायेत त्यात!"

"असूंद्या. त्येंलाबी लागू दे पुण्य."

मग सुपं आली. बायका ओळीने बसून विमान पाखडायला लागल्या. तांदूळ उडाले तसा कोंबड्यांचा घोळका आला, कोंबड्यांना हाकलताना कोमलचा, म्हणजे संदेशच्या बायकोचा पाय पेटीला लागला, आणि पेटीतले कागद थेट गोठ्यापर्यंत पसरले. सगळं आवरून संदेशने सामान मोजलं आणि कपाळाला हात लावला. पुढचा पंखा ज्यांवर बसतो त्या बोल्टांपैकी एक गायब होता!

ताडपत्री झटकली, सुपं झटकली, चिमाबाईंनी पदरही झटकला. बोल्ट नाही म्हणजे नाही.

"म्हशीनं खाल्ला," हौशीराम म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हशीच्या तोंडात पेटीतला कागद होता आणि ती मन लावून चघळत होती. याहून मोठा पुरावा कोणता? कैलास धावत जाऊन जुन्या स्पीकरचा लोहचुंबक घेऊन आला आणि त्याने तो म्हशीच्या पोटाला लावला.

"वढतंय! आईशप्पत, वढतंय!"

"कोमल, एरंडेल आन!" हौशीरामांनी बाह्या सरसावल्या. "आन् ती बांबूची नळीबी."

"त्येनं न्हाई पडला तर डाक्टर बोलवू," कैलास म्हणाला. "पोट फाडलं की घावंलच."

"खबरदार म्हशीला हात लावशीला तर!" नंदाबाई कडाडल्या. त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि कुंकू लावलेला बोल्ट तळहातावर धरला.

"आये, तू?"

"मंग काय करू रं? तू वर गेलास की माजा जीव हितं टांगणीला. म्हनलं, येक खिळा न्हाई म्हंजी उडनंच न्हाई." त्यांचे डोळे भरून आले.

संदेशला रागवावं की हसावं समजेना. "आगं, पूर्न झाल्याव आदी तपासत्यात, परवानगी लागती. असंच कोन उडू देतंय? आन हिकडं."

"न्हाई." बोल्ट परत कनवटीला गेला. "लागतील तेवढी वर्सं बांध. उडायच्या दिशी ह्यो घिऊन मीच येनार, आन् दुसऱ्या शिटाव बसनार."

"तू? जत्रंतल्या पाळन्यात बसत न्हाईस तू!"

"पाळन्यात माजा ल्योक कुटं असतोय?"

चिमाबाईंनी डोळ्याला पदर लावला, हौशीरामांनी एरंडेलाची बाटली हळूच कोमलकडे परत दिली.

गोठ्यात म्हशीने शेवटचा कागद गिळला आणि ती शांतपणे रवंथ करत बसली. विमान कसं जोडायचं ते सांगणारं पुस्तक कुठं आहे, हे अजून कुणी विचारलंच नव्हतं.