सतराव्या बारचा खुलासा

आयत्या वेळी काय सुचणार हे पंधरा दिवस आधी लेखी मागणारी समिती घाबरट आहे, आणि घाबरटपणाशिवाय कुठलंही कार्यालय नीट चालत नाही.

वाशीच्या जॅझ-वादन प्रमाणपत्र समितीचं तर उत्तम चालतं. नियम सोपा. बत्तीस बारची, म्हणजे तालाच्या बत्तीस खणांची, एक जुनी चाल मिळते. तिच्यातल्या प्रत्येक कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचा, उमेदवाराने तक्ता भरायचा: कॉर्ड कुठून आली, कुठे निघाली, परक्या पट्टीत शिरली असल्यास मुक्कामाचं कारण. शेवटचा रकाना, 'तेथे आपणांस काय सुचेल'. तीन प्रती. मग मंचावर जाऊन, समिती आणि श्रोत्यांसमोर, सुचू द्यायचं. चार वर्षांत एकशे बारा जण बसले, तीन पास झाले. (दोघे ड्रमवाले, त्यांना कॉर्ड नसतात. तिसरा आलाच नव्हता.)

शिरवणे गावच्या क्रांतीला हे प्रमाणपत्र हवंच होतं. त्याशिवाय शाळा तिला संगीतशिक्षिका म्हणून घेणार नव्हती, आणि परीक्षेला तीनदाच बसता येतं. सॅक्सोफोन ती बापाच्या, सितारामच्या, बँडमध्ये शिकली; कॉर्डचं गणित एकटीने पुस्तकांशी झटापट करून. पहिल्या वेळी सतराव्या बारला, जिथे चाल पट्टी बदलते, तिने लिहिल्यापेक्षा अर्धा सूर खाली घेतला. झकास लागला. नापास: तक्त्याशी विसंगत. दुसऱ्या वेळी लिहिलं तेच, तस्संच वाजवलं. नापास: पाठ केलेले.

सिताराम म्हणाला, "जयंतीच्या मिरवणुकीत गाडी अडकली की आमी तोच तुकडा फिरवत ऱ्हातो, दर फेरीला येगळा. गाडी कुठं अडकनार, हे कोन लिहून देतो?"

तिसऱ्या वेळी क्रांतीने शेवटच्या रकान्यात प्रत्येक बारसाठी सप्तकातले बाराच्या बारा सूर लिहिले. समितीने तक्ता उलटासुलटा पाहिला, चूक सापडेना. ती वाजवू लागली. सतराव्या बारला अध्यक्षांचा बूट हलायला लागला तो आठ बार हलतच राहिला. शेरा: 'नापास. कोणत्याही सुरास मनाई न केल्याने विश्लेषण निरर्थक.'

क्रांतीने शांतपणे विचारलं, "सर, तुमचा पाय हलत होता. तुमी कुठला फॉर्म भरलेला?"

अध्यक्षांनी पाय खुर्चीखाली घेतला. इतिवृत्तात 'मुंगी चावली' अशी नोंद आहे. (मुंगीकडून खुलासा मागवला आहे.)

शाळेने जागा भरली. परीक्षेला न आलेला तो तिसरा उमेदवार आता तुमच्याच पोरांना शिकवणार आहे. कारण त्या दिवशी तिसऱ्या रांगेत तुम्ही होतात. सतराव्या बारला टाळीसाठी हात उचललेत, अध्यक्षांकडे पाहिलंत आणि हात परत मांडीवर ठेवलेत.

ते हात कुणाच्या परवानगीने खाली गेले? उत्तर द्या. आत्ता द्या, आयत्या वेळी सुचेल तसं. तीन प्रती नकोत.