वाकड्या भूर्जाखालचा रानगवा

सासूबाईंना जंगलात न्यायचं नाही, असं इरेकनं बायकोला तीनदा बजावलं होतं आणि तिन्ही वेळा हालिना "बरं" म्हणाली होती. पहाटे तो कॅमेरा घेऊन खाली आला, तेव्हा सासूबाई गाडीत बसलेल्या होत्या. डोक्याला फडकं, पायात रबरी बूट, मांडीवर सँडविचचा डबा.

"गाडी माझी आहे," त्या म्हणाल्या. इरेकनं गाडी सुरू केली.

इरेक पाणीपुरवठा कचेरीत कारकून. कचेरीच्या कॅलेंडरवर सलग तीन वर्षं वालेंतीनं टिपलेला करकोचा झळकत होता आणि वालेंती समोरच्याच टेबलावर बसायचा. शेवटी इरेकनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की यंदा मी राष्ट्रीय उद्यानातून रानगव्याचा फोटो आणतो. तो उद्यानात कधी गेलेला नव्हता. फोटो द्यायची मुदत होती आज दुपारी बारापर्यंत.

"आई, तिथं अळंबी तोडायला बंदी आहे. दंड होतो," त्यानं वाटेत सांगितलं.

"मी कुठं तोडतेय? बघायला तर बंदी नाही ना?"

"मग खिशात सुरी कशाला?"

"सफरचंद कापायला."

"सफरचंद कुठंय?"

"घरी राहिलं."

आमच्या पोलंडात सप्टेंबर महिन्यात माणसाला जंगलात नेऊन अळंबी तोडू नको म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. पण इरेकचं सगळं लक्ष रानगव्याकडं होतं.

कुरणाच्या कडेला एका ओकाखाली त्यानं कॅमेऱ्याची तिवई रोवली. धुकं विरळ झालं आणि समोर, वाकड्या भूर्जाजवळ, साक्षात रानगवा उभा. दाढीवरून दव ठिबकत होतं, नाकपुड्यांतून वाफ निघत होती. इरेक बटण दाबणार, तोच चौकटीत सासूबाईंची पाठ आली. पाठ कसली, पाठीच्या खालचा भाग. नजर जमिनीला खिळलेली. दहा पावलांवर एवढं धूड उभं आहे, याचा बाईंना पत्ताच नव्हता.

ओरडावं तर गवा बिथरणार. इरेकनं हातानं खूण केली, डावीकडं सरका. जावयाला डावीकडं अळंबं दिसलं, असा सासूबाईंनी अर्थ लावला आणि त्या डावीकडं, थेट गव्याच्या तोंडाशी गेल्या. तो दोन्ही हात हलवू लागला. तेव्हा बरीच असावीत म्हणून त्या आणखी पुढं झाल्या, वाकल्या, आणि तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं बोरोविक जातीचं अळंबं कापून त्यांनी हात उंच केला. त्याच क्षणी ऊन आलं. गव्यानं मान वळवून अळंब्याकडं पाहिलं. इरेकचं बोट आपसूक दाबलं गेलं.

"शूऽ, हो बाजूला," सासूबाई गव्याला म्हणाल्या. जन्मभर गाई राखलेली बाई ती. गवा निमूटपणे झाडीत निघून गेला.

वालेंतीच्या सात पिढ्यांत कुणी असा फोटो काढला नसता. इरेकचे डोळे भरून आले. ते पुसेपर्यंत सासूबाई परत आल्या आणि मागून वनरक्षकही आला.

"बाईंच्या हातात काय होतं?"

"रुमाल," सासूबाई म्हणाल्या.

"बघू फोटो."

रक्षकानं फोटो मोठा करत नेला. आधी गवा चौकटीबाहेर गेला, मग सासूबाई गेल्या, मध्ये अळंबं तेवढं उरलं. कितीतरी वेळ दोघांची डोकी त्या फोटोवरच वाकलेली होती.

"वीस वर्षं झाली इथं," रक्षक हळूच म्हणाला, "असलं कधी गावलं नाही. हा समोरचा वाकडा भूर्जच ना?"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "इरेक, पूस तो फोटो. दंड काय करायचा तो करा, पण ती जागा माझ्या आईनं मरताना मला एकटीला सांगितलीय. ती तू कचेरीच्या भिंतीवर टांगणार?"

इरेकला समोर वालेंती दिसला, त्याचा करकोचा दिसला. मग सासूबाईंची थरथरती हनुवटी दिसली. त्याला वाईट वाटलं आणि त्यानं फोटो पुसला. रक्षक पावती फाडायचंही विसरला. "जरा चक्कर मारून येतो," म्हणत तो भूर्जाच्या दिशेनं झपाझप निघून गेला.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी डबा उघडला. आत सँडविच नव्हतं. अकरा बोरोविकं दाटीवाटीनं बसली होती.

"ही कधी काढलीत?"

"तुम्ही दोघं फोटोत डोकी घालून बसला होतात तेव्हा."

"पण जागा तर भूर्जाखाली होती."

"तिथं एकच होतं. आता तो रक्षक महिनाभर तिथंच उकरत बसेल. आईची जागा ओकाखालची, तू तिवई रोवलीस ना, ती. चार तर तू तुडवलीस."

इरेकनं गाडी कडेला थांबवली. "म्हणजे फोटो पुसायची गरजच नव्हती?"

"त्याला पटायला नको?" सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पण पुसलास हो तू. हालिनाच्या बापानं नसता पुसला. पुढच्या रविवारी येऊ परत."

"आता येऊन काय उपयोग, आई? मुदत आज संपली."

"कसली मुदत? पहिला बर्फ पडेपर्यंत येतात अळंबी. तू फक्त जरा बाजूला उभा राहा."