अनुभवी काजळी

आमच्या सीग्रेप लाँच कंपनीत ‘जुनं’ हा शब्द उच्चारायला मनाई आहे. रॉकेटचा जो खालचा भलामोठा टप्पा उपग्रहाला वर ढकलतो आणि मग शहाण्यासारखा परत येऊन समुद्रातल्या तराफ्यावर उभा राहतो, त्याला आम्ही बूस्टर म्हणतो. एकदा वर जाऊन आलेला बूस्टर आमच्या लेखी जुना होत नाही, ‘अनुभवसिद्ध’ होतो. त्याच्या अंगावरची काजळी आम्ही पुसत नाही. गिऱ्हाईक आलं की मी त्याला त्या काजळीपाशी नेतो आणि आवाज खाली आणून सांगतो, “हा जाऊन आलाय.” गिऱ्हाईक आपोआप टोपी काढतं. कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र बूस्टरपासून मात्र लोक चार पावलं लांबूनच जातात.

मी वेंडेल पर्व्हिस, ग्राहक-संबंध अधिकारी, मुक्काम टायटसव्हिल. मला एक दुखरी दाढ आहे आणि एक मुलगी आहे. मुलगी कोरीन, रॉकेटची इंजिनीअर. पदवी घेतल्यापासून ती आमच्याच कंपनीत अर्ज करते आहे आणि कंपनी तिला दरवर्षी कळवते की रॉकेटकामाचा तीन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय रॉकेटकाम देता येत नाही. तोवर ती माझ्या मेव्हण्याच्या धुरीखान्यात मलेट मासे टांगून त्यांना धूर देते. आईविना वाढवलेली पोर, अंगाला कायम माशांचा वास. मला ते बघवत नाही.

यंदा काम होतं एका दळणवळण उपग्रहाचं. कॅरिबियनच्या बेटांवर त्यातून टीव्ही आणि फोन पोचणार होते. त्यासाठी सात नंबरचा अनुभवसिद्ध बूस्टर नेमला होता. तो आधी दुसऱ्या एका कामगिरीवर गेला, उत्तम परतला, तराफ्यावर ऐटीत उभा राहिला आणि बंदरात शिरताना लाट आली तशी आडवा झाला. अनुभव सगळा समुद्रात गेला.

शेडमध्ये उरला बारा नंबर. कोरा करकरीत. आमचे संचालक गॅड्सडेनसाहेब यांनी उड्डाणाला विमा देणाऱ्या लंडनच्या थ्वेटसाहेबांना फोन केला.

“नवा बूस्टर चालेल का?”

“आनंदाने चालेल,” थ्वेटसाहेब म्हणाले, “फक्त तो आधी एकदा उडालेला असावा.”

“पण उडाला की तो नवा राहणार नाही.”

“म्हणूनच चालेल.”

गॅड्सडेनसाहेबांनी मग बारा नंबरला पहिल्यांदा कोण उडवतं याची चौकशी केली. टीव्हीवाले म्हणाले, दुसऱ्या फेरीला आम्ही नक्की. हवामानवाले म्हणाले, दुसरी फेरी आमची. एका विद्यापीठाने तर दुसऱ्या फेरीसाठी प्रार्थनाच ठेवली. पहिल्या फेरीबद्दल सगळ्यांनी कंपनीला मनापासून शुभेच्छा दिल्या.

तेव्हा गॅड्सडेनसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“वेंडेल, विम्याच्या नियमात काय लिहिलंय? बूस्टर काजळलेला असावा. कशाने, ते लिहिलेलं नाही.”

“साहेब, काजळी आणायची कुठून?”

“तेच तर. आपल्याकडे दोनशे इंजिनीअर आहेत. एकालाही धुराचा अनुभव नाही.”

मी दाढेवर हात ठेवला आणि म्हणालो, “माझ्या मुलीला आहे. तीन वर्षांचा.”

साहेबांचा चेहरा उजळला. “बोलाव तिला! हा उपग्रह वर जाऊ दे, कोरीनची नोकरी पक्की समज. माझा शब्द.”

कोरीनला सांगितलं तेव्हा ती मासे उलटे करत होती.

“बाबा, ही चक्क फसवणूक आहे.”

“याला आम्ही पृष्ठभागाचं अनुभवीकरण म्हणतो.”

“आणि बूस्टर? तो नीट आहे ना?”

“ठणठणीत आहे. एकच दोष, कोणी त्याला विचारत नाही.”

तिने हातातला मासा टांगला. मग हात पुसत म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखाच. चला.”

पोरीने काम असं केलं की मला भरून आलं. इंजिनांपाशी दाट काळं, वर जाताना विरळ, मधेच वाऱ्याने ओढल्यासारखे फराटे. आमच्या दोनशे इंजिनीअरांनी रांगेने येऊन बघितलं आणि बारा नंबर कितीदा जाऊन आलाय यावर पैजा लावल्या. आपणच तो परवा जोडला, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षातून गेलं.

एकच अडचण राहिली. बारा नंबरला मलेटचा खमंग वास येत होता.

उड्डाणाच्या सकाळी नदीकाठी सालाबादप्रमाणे लोक खुर्च्या टाकून बसले होते आणि रॉकेटवर गिधाडं बसली होती. आमच्या किनाऱ्यावर गिधाडांना तोटा नाही, पण एवढी एका जागी मी कधी पाहिली नव्हती. त्यांच्यात दोन पाणकोळीही होते. पाहणीसाठी लंडनहून आलेले थ्वेटसाहेब दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिले.

“मिस्टर पर्व्हिस, हे पक्षी?”

“पक्ष्यांनाही अनुभवी वस्तूवरच भरवसा वाटतो, साहेब.”

“असं होय,” ते म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद केली.

पक्षी हलल्याशिवाय उड्डाण नाही, हा नियम. भोंगे वाजवले, गिधाडांनी माना वळवून ऐकले. शेवटी कोरीनच मेव्हण्याच्या गाडीतून टोपलीभर धुरी दिलेले मासे घेऊन लांबच्या पुळणीवर गेली आणि सगळी पंगत तिच्या मागे उडाली. बारा नंबर मोकळा झाला आणि जो उठला तो सरळ वर. उपग्रह जिथे ठेवायचा तिथे ठेवून तो परत आला, तराफ्यावर उभा राहिला, आडवासुद्धा झाला नाही. पहिल्याच फेरीला!

उड्डाण झालं की आमच्याकडे घेवड्याच्या बिया आणि मक्याचा पाव खायची रीत आहे. मी एका बाजूने चावत होतो तेवढ्यात थ्वेटसाहेब ताटली घेऊन शेजारी आले.

“आताची काजळी खरी आहे,” ते हळूच म्हणाले. “आधीची मलेटची होती.”

मी पाव ताटलीत ठेवला. “तुम्हाला माहीत होतं?”

“मला नाक आहे, मिस्टर पर्व्हिस. पण मी फक्त काजळी आहे की नाही एवढंच तपासतो. वासासाठी आमच्याकडे वेगळा विभाग आहे.”

पुढच्या आठवड्यात कोरीनची मुलाखत झाली. गॅड्सडेनसाहेब शब्दाला जागले, स्वतः समितीत बसले.

“रॉकेटकामाचा काही अनुभव?” त्यांनी विचारलं.

“बारा नंबर,” कोरीन म्हणाली.

“त्यावर काय काम केलंत?”

“तुम्हाला माहीत आहे, साहेब.”

“मला माहीत असून उपयोग नाही, समितीला सांगता आलं पाहिजे. आणि ते जर तुम्ही समितीला सांगितलंत, तर मला तुमच्यावर खटला भरावा लागेल.” मग ते खरोखर कळवळून म्हणाले, “अनुभव घेऊन ये, पोरी. जागा तुझीच आहे.”

बारा नंबरच्या पुढच्या आठ फेऱ्या त्याच दिवशी विकल्या गेल्या. कोरीन धुरीखान्यात परत गेली. माझं डोकं इतकं फिरलं की मी चारचौघांत या व्यवस्थेला शिव्या घातल्या. पहिली संधी द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं, असं ओरडलो आणि ओरडताना दाढ अशी ठणकली की कोरीननेच मला गाडीत घालून दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंतीवर पदव्या चांगल्या टांगलेल्या, कोट पांढराशुभ्र, एक डाग नाही. मी खुर्चीत आडवा झालो, तोंड उघडलं, आणि मग विचारावं म्हणून विचारलं, “आजवर किती दाढा काढल्यात?”

“तुमचीच पहिली,” त्या हसून म्हणाल्या.

मी उठून बसलो. “तसं काही नाही, पण ज्यांनी आधी काढल्यात असं दुसरं कोणी...”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून कोरीन माझ्याकडे बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “त्यांच्या कोटावर थोडं रक्त लावून देऊ का?”

मी मान खाली घालून गाडीत जाऊन बसलो. दाढ अजून दुखतेच आहे. डॉक्टरीणबाई हुशार आहेत, हात हलका वाटतो, आणि पहिला पेशंट त्यांना अजून मिळालेला नाही. तुम्ही मघापासून मला हसताय म्हणून विचारतो, पत्ता देऊ?