भास्कररावांच्या काळ्या पेट्या

एकोणीस एप्रिल १९८३. कुरडयांचा चीक शिजवून मी गच्चीवर सोऱ्या घेऊन बसले, तेव्हा शेजारी रुळावर घण घातल्यासारखा आवाज सुरू होता. म्हणजे भास्करराव अजून ऑफिसला गेले नव्हते. उन्हाळाभर रोज आंघोळ झाली की ते देवाला फूल वाहत आणि हेवी मेटल लावत.

जगात गाण्याचा हा प्रकार ज्यांनी सुरू केला, त्या चार विलायती पोरांच्या सहा रेकॉर्डी त्यांच्याकडे होत्या. ओळखीचा एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला जाताना देऊन गेला होता. भास्करराव पन्नाशीचे, अविवाहित, सरकारी कचेरीत कारकून. बाकी आवडीनिवडी वरणभाताच्या.

विलायतेत ह्या रेकॉर्डी नीट केल्या नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. "ह्याले तळ नाही, वहिनी," ते म्हणत. तळ म्हणजे ढोलाचा खालचा, जाडा आवाज. त्यांना तळ चहालाही लागे आणि माणसालाही. मग ते रिठ्याच्या पाण्यानं रेकॉर्डी धूत, स्वतः जोडलेल्या यंत्रातून खालचा आवाज वाढवून कॅसेटींवर उतरवत, आणि इतवारीच्या बाजारातून आणलेल्या साडीच्या खोक्याला काळा पतंगी कागद चिकटवून त्यात तो संच लावत. दर उन्हाळ्यात नवा संच. जुना आम्हाला. "ह्यात तळ कमी राहिला, पण तुमच्यासाठी ठीक आहे." आमच्याकडे तीन काळ्या पेट्या साचल्या होत्या. यजमानांनी दोन पेट्यांतल्या कॅसेटींवर भजनं भरून घेतली.

माझी तक्रार आवाजाची होती. मुलीची परीक्षा तोंडावर. हळू लावा म्हटलं, तर म्हणाले, "हळू लावून काय फायदा? हे ऐकाचं नसते वहिनी, झेलाचं असते."

आमचा दोघांचा घरमालक एकच. त्याला भास्कररावांच्या खोल्या हव्याच होत्या, फक्त निमित्त सापडत नव्हतं. ते निमित्त आपण उद्या सकाळी नेऊन द्यायचं, हे मी कुरडया घालताघालता ठरवलं.

भास्करराव ऑफिसला गेले आणि त्यांच्या गच्चीवर अक्का आल्या. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, विधवा. दर उन्हाळ्यात पारशिवनीहून येत, यंदा कायमच्या आल्या होत्या. कामाला वाघ, पण शिष्ट. काही विचारलं की नुसती मान हलवणार. त्यांनी गहू पसरला, गाद्या टाकल्या, मिरच्या ओतल्या. बंद पेटीतल्या वस्तूंना वर्षातून एकदा ऊन दाखवायची रीतच आहे. मग त्यांनी रेकॉर्डी आणल्या आणि एकेक पाकिटातून काढून गव्हाशेजारी मांडायला लागल्या.

अकराचं ऊन. गच्चीवर अनवाणी पाय टेकत नव्हता.

"अक्का, उचला त्या!"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली, समोरच्या घरातली माणसं बाहेर येतील इतक्या मोठ्यानं. अक्कांनी शांतपणे पुढची रेकॉर्ड मांडली. मला संताप आला. चिकाच्या हातांनीच पदर खोचला, मधली भिंत ओलांडली आणि त्यांच्या खांद्याला धरलं. त्या एवढ्या दचकल्या की हातातलं रिकामं पाकीट पडलं.

"मागून काहून आली वं?"

मी सांगत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. शेवटी मी बोट दाखवलं. एका रेकॉर्डीची कड तव्यावरच्या पापडासारखी वर आली होती.

"ओल लागली असन म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि तिथंच उन्हात बसल्या. "आता भाऊ काय म्हणन?"

चार वाचल्या, दोन वाकल्या. संध्याकाळी मी मुद्दाम गेले, कोणीतरी मध्ये असावं म्हणून. अक्का त्या दोन घेऊन दारातच उभ्या होत्या. भास्कररावांनी त्या डोळ्यांसमोर आडव्या धरल्या, फिरवून पाहिल्या. मग बहिणीसमोर उभे राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून सावकाश काहीतरी म्हणाले. अक्का हसल्या.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, आता ह्यात भजे मांडता येतीन."

त्यांनी एक चांगली रेकॉर्ड लावली. अक्कांनी पाट ओढला, स्पीकरच्या खोक्याजवळ बसल्या, दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि डोळे मिटले. ढोल सुरू झाला. थोड्या वेळानं त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला.

"टायफाइडमध्ये गेले तिचे कान," भास्करराव म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मले बाजाची पेटी तिनंच शिकवली होती. भजन लावून पाहिलं, तबला लावून पाहिला, तिच्या हाताले काहीच पोचे ना. हे पोचलं. कोणाले सांगू नका. लोकं मंग ओरडून बोलतात तिच्याशी, ते तिले आवडत नाही."

"आणि तुम्हाला आवडतं हे?"

"मले? डोकं दुखते वहिनी ह्यानं."

वाकलेल्या रेकॉर्डी दोन काचांमध्ये दाबून ठेवतो, म्हणाले. फक्त वर ठेवायला सपाट, जड असं काही घरात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकाकडे गेले नाही. मुलीला पुस्तकं देऊन मावशीकडे धाडलं. मग पाटा धुतला, पुसला, उचलून शेजारी नेला आणि भास्कररावांच्या काचेवर ठेवला. घरी येऊन चटणी खलबत्त्यात कुटली.