एका ओळीचा अडथळा

चिकलठाण्यातल्या एका कंपनीचा रुग्णाच्या खाटेजवळचा मॉनिटर अधूनमधून थिजत असे. पडद्यावर नाडीचा शेवटचा आकडा तसाच राही आणि धोक्याची घंटा वाजत नसे. कंपनीने याला 'स्थिर वाचन' असे नाव दिले. ते ऐकून पुष्कळ नातेवाइकांना बरे वाटे.

दोष कर्नेलमध्ये होता. कर्नेल म्हणजे यंत्रातला मुकादम. कोणते काम केव्हा चालवायचे, ते तो ठरवतो. नव्या कर्नेलमध्ये दोष केव्हाच दुरुस्त झाला होता. पण मॉनिटरला सरकारी मान्यता जुन्या कर्नेलसकट मिळाली होती. म्हणून नवी दुरुस्ती जुन्यात बसवण्याचे काम श्रेया या इंजिनिअरकडे आले.

कंपनीच्या गाडीचे ड्रायव्हर कडुबा यांची बायको मालनबाई दवाखान्यात याच मॉनिटरला जोडलेली होती. पडद्याचा भरवसा नाही, म्हणून कामावरून सुटले की कडुबा तिच्या मनगटावर बोटे ठेवून बसत. सकाळी क्रांती चौकात श्रेया गाडीत बसली की विचारत, "ताई, बसली का दुरुस्ती?"

"नाही काका. बिल्ड तुटतोय. प्रोग्रॅमचे तुकडे जोडलेच जात नाहीत."

"मंग डिंक लावा की! तुमच्याकडं लई भारी डिंक असंल."

श्रेयाने कारण शोधले. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर स्वच्छ सांगत होता, की दुरुस्ती ज्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या ज्या तयार तुकड्याला, बोलावते, ते जुन्या कर्नेलमध्ये नाहीच. ते आधीच्या एका बदलासोबत आले होते. आधी तो बदल आणायचा, मग दुरुस्ती बसेल. तिने व्यवस्थापक काकासाहेबांना तसे सांगितले.

"त्या आधीच्या बदलाबद्दल कुणाची तक्रार आहे?"

"नाही सर. तक्रार मॉनिटर थिजतो अशी आहे. पण त्या बदलाशिवाय..."

"तक्रार नाही, तर मंजुरी कशाच्या आधारावर देऊ? एका तक्रारीला एक बदल. असं करत तुम्ही अख्खा नवा कर्नेल आत आणाल. कंपायलर किती ओळींवर अडतोय?"

"एकाच."

"एका ओळीसाठी एवढा गोंधळ? काढून टाका."

"सर, दुरुस्ती तीच ओळ आहे. बाकी नुसतं स्पष्टीकरण."

"स्पष्टीकरण राहू द्या. तपासणीला लागतं."

श्रेयाने नकार दिला. तिला 'सांघिक सहकार्य' या विषयाच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आले आणि ओळ दुसऱ्या इंजिनिअरने, आकाशने, काढली. बिल्ड यशस्वी झाला. चाचणीत मॉनिटर थिजला नाही, कारण तो थिजायच्या आत चाचणी संपत असे. सगळ्या दवाखान्यांत नवी आवृत्ती चढवली गेली. काकासाहेबांनी पेढे वाटले.

कडुबांनी पेढा हातातच धरला. "सायेब, आता घंटा वाजंल ना?"

"कडुबा, आता निवांत राहा."

"व्हय सायेब."

त्या संध्याकाळी कडुबा पहिल्यांदाच मालनबाईचा हात सोडून खाली चहाला गेले. परत आले तेव्हा पडद्यावर नाडीचा आकडा चांगला होता. हात गार पडला होता.

चौकशी झाली. घंटा वाजली नव्हती, म्हणून यंत्रात धोक्याची नोंद नव्हती. नोंद नव्हती, म्हणून दोष नव्हता. समितीने एकच उणीव दाखवली, रुग्णाजवळ नातेवाईक हजर नव्हता.

दहाव्याला पैठणला जमलेल्या पाहुण्यांनी तो अहवाल वाचला नव्हता. तरी प्रत्येकाने घाटावर कडुबांना जरा बाजूला घेऊन विचारले, "पण तुम्ही कुठं गेला होता?"

तुमच्याही मनात तेच आलं असेल. विचारा. कंपनीला कुणीच काही विचारत नाही.