चपला काढून खून

खून करायला निघालेला माणूस आधी दाराबाहेर चपला काढून ठेवतो. खोटं वाटेल, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! आमचे शेजारी, भरे गावचे सोपानतात्या.

झालं असं, की जवळच्या रिहे गावात एका फार्महाऊसवर पिक्चरचं शूटिंग आलं. तुरुंगातून सुटलेल्या चौघांची गोष्ट, दर दहा मिनिटांनी कोयता. त्यांना म्हणे खरेखुरे चेहरे हवे होते. तात्या नऊ वर्षं आत काढून आलेले. बांधावरच्या भांडणात हातून माणूस गेला होता. सुटून आल्यावर पिरंगुटच्या एकाही कंपनीनं त्यांना गेटच्या आत घेतलं नाही, आणि सख्ख्या भावानं घराच्या. त्याच घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एकटेच राहतात. कंपन्यांना चारित्र्याचा दाखला लागतो. पिक्चरवाल्यांनी तो मागितलाच नाही, वर दुपारचं जेवण दिलं.

तात्यांचं पालुपद एकच, "शिस्त पायजे." खाकी दिसली की ताठ उभं राहून "हजर, साहेब!" म्हणायची सवय आत लागली, ती काही सुटेना. आता पिरंगुटला तर दर दहा पावलांवर एक वॉचमन. एकदा मी त्यांच्यासोबत बाजारात गेलो, घरी पोचेस्तोवर कोथिंबीर सुकली.

तर शूटिंगच्या दिवशी मी माझी पिठाची गिरणी बंद ठेवून बघायला गेलो. सीन असा, की लाथेनं दार उघडायचं आणि फितुराला भोसकायचं. तात्यांनी चपला काढल्या, कडी वाजवली आणि विचारलं, "हायेत का घरात?"

डायरेक्टरनं कपाळावर हात मारला. "अहो, खून करायचाय!"

"व्हय की. पन चिखलाचं पाय घिऊन दुसऱ्याच्या घरात शिरायचं? शिस्त पायजे."

खुनाचं काम गेलं. पण उंची हिरोएवढी, म्हणून त्याच्या जागी पाठमोरं उभं राहायचं काम मिळालं. हिरो सुटून घरी येतो, आई दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते, म्हणते, "ये बाळा, आत ये." बस, एवढंच.

पहिल्याच फटक्यात डायरेक्टर "ओके" ओरडला.

"न्हाई साहेब, माजं चुकलं. परत घ्या."

परत घेतलं. परत ओके.

"चुकलंच. आजून एकदा."

मला हसू आवरेना. "अहो तात्या, नुसती पाठ दिसतीय तुमची! त्यात काय चुकणार, डोंबल?"

तात्या वळले. दाढी पार भिजलेली.

"आरं, मी सुटून आलो तवा कुनी केलंच न्हाई रं हे."

नव्हतंच केलं. ते हातात पिशवी घेऊन भावाच्या बंद दारासमोर किती वेळ उभे होते, मला ठाऊक आहे. कारण मी माझ्या खिडकीतून बघत होतो, आणि त्यांनी इकडे मान वळवल्यावर पडदा ओढून घेतला होता. फार लाज वाटली मला माझी.

डायरेक्टर घड्याळ बघायला लागला, तसा मीच पुढे झालो आणि म्हणालो, "घ्या हो परत."